अनसाबाई आणि क्योतोची मोठी ताई

अनसाबाईबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे, असं आमच्या फडातली कुंदा चार वर्षं म्हणत होती. शेवटी तिने एक दोनशे पानी वही आणि दोन पेनं माझ्यापुढे टाकली. म्हणाली, "जपानला गेलेल्यांतली तूच एक शिल्लक हायेस. तू मेल्यावर मी कुणाला इचारू?"

हे पटलं. मी चौथी पास आहे, तेवढ्यात बसेल तेवढं लिहिते. अनसाबाईचा जन्म कुठला, आई कोण, बाप कोण, ते लिहिणार नाही. मला ठाऊक नाही. तिला विचारलं असतं तर तिने चप्पल दाखवली असती.

मी नारायणगावची. घर बुद्धविहाराच्या मागे. नवरा तमाशाच्या फडात हलगी वाजवायचा. तो गेल्यावर फडाच्या मालकांनी मला कामावर ठेवून घेतलं. बायांच्या चोळ्या शिवायच्या, खेळाच्या आधी त्यांना नऊवारी नेसवायची आणि चाळ ओवायचे. चाळ म्हणजे पायात बांधायचे घुंगरांचे पट्टे. एका पायात दीडशे घुंगरं. रोज नाचून दोरा झिजतो, घुंगरं सुटतात, ती परत ओवायला लागतात. तीस वर्षं हेच केलं, म्हणून अनसाबाईला मी जवळून बघितली.

ती दिसायला चांगली नव्हती. हे वाचून कुंदा चिडेल, पण खरं आहे. बुटकी, रुंद हाडाची, पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. चहा बशीत ओतून प्यायची आणि शेवटच्या घोटाला मोठा आवाज करायची. कुणाची स्तुती तिच्या तोंडून निघायची नाही. एखादीने फार चांगलं गायलं तर म्हणायची, "बरं झालं." वाईट गायलं तरी म्हणायची, "बरं झालं." दोन्हींतला फरक ज्याचा त्याने ओळखायचा.

एक सवय मात्र तिने कधी मोडली नाही. खेळाच्या आधी ती कोपरापर्यंत हात धुवायची, साबण लावून. टँकरच्या गावात प्यायला पाणी नसायचं, तिथे सुद्धा. एकदा मालक ओरडले, "अनसाबाई, पब्लिक काय तुमच्या हातानं पानी पिनार हाय का?"

"पाय न धुता चालंल मालक. लोकं माझ्या हाताकडं बघत्यात."

हे खरं होतं. तिचं सगळं काम हातात होतं. ती बैठकीची लावणी गायची. त्यात नाचायचं नसतं. मांडी घालून बसायचं, गायचं, आणि गाण्यातली बाई काय करते आहे ते हातांनी आणि डोळ्यांनी दाखवायचं. अशा चाळीस-बेचाळीस जुन्या लावण्या तिच्या पोटात होत्या. तिच्या मावशीकडून आलेल्या, कुठे लिहिलेल्या नाहीत. पण मी सांगते त्या काळात, म्हणजे नव्वदनंतर, त्या ऐकायला कोणी तयार नव्हतं. जत्रांचा हंगाम आला की नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येऊन फड ठरवतात. त्यांचा पहिला प्रश्न, पोरी किती? दुसरा, गाणी कोणत्या सिनेमातली? अनसाबाई राहुटीत मागे बसून कांदा चिरत हे ऐकायची. पन्नाशीला आली तेव्हा मालकांनी तिला झील ओढायला लावलं, म्हणजे मागे उभं राहून दुसरीच्या गाण्याला सूर द्यायला. हात मात्र धुवायचे तसेच धुतले.

एकदा भीमाशंकरच्या वाटेवरच्या एका गावात दिवस मावळताना खेळ सुरू झाला आणि सुरुवातीचा गण चालू असतानाच जनरेटर बंद पडला. माइक गेला, दिवे गेले. शिट्ट्या सुरू झाल्या. एक खडा येऊन कनातीवर आदळला. मालक म्हणाले, पोरींना गाडीत बसवा. तेवढ्यात अनसाबाई मागची पुढे गेली, स्टेजच्या कडेला मांडी घालून बसली आणि म्हणाली, "दोन कंदील आना. एक हातापाशी ठेवा. तोंडापाशी नगं."

"मागं ऐकू येत न्हाई!" गर्दीतून कोणी ओरडलं.

"मग गप बसा, म्हंजी यील."

तिने एक लावणी धरली. त्यातली बाई सुईत दोरा ओवते आहे. बाहेर नवऱ्याच्या घोड्याची टाप वाजते आणि दोरा काही नेढ्यात जात नाही. मी रोज शंभरदा सुईत दोरा ओवणारी बाई. तिच्या हातात सुई नव्हती, दोरा नव्हता, तरी मला नेढं दिसलं. दोरा ओठात ओला करून तिने बोटांनी टोक वळलं तेव्हा माझीच जीभ ओली झाली. मी कनातीच्या फटीतून लोकांकडे बघितलं. पुढच्या रांगेतला एक पैलवानासारखा गडी तोंड उघडं टाकून बसला होता आणि त्याला ते कळत नव्हतं. जनरेटर दुरुस्त झाला तेव्हा पंचांनीच हात वर करून तो चालू करू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात परत सिनेमाची गाणी आणि अनसाबाई परत मागे. असंच असतं.

कुंदा तेव्हा सतरा-अठरा वर्षांची, फडातच वाढलेली नाचणारी पोर. त्या दिवसापासून तिने पिच्छा धरला.

"मावशी, ती सुईची लावनी मला दे ना."

"दे म्हंजी? भाकर हाय का ती?"

"मग शिकीव."

"न्हाई शिकवायची."

"का पन?"

"सांगितलं न्हवं, न्हाई म्हनून. जा, केस इंचर. डोक्याचं घरटं झालंय."

ती का नाही म्हणायची ते मला माहीत होतं. अनसाबाईला एकच मुलगी, सुनंदा. तिला तिने फडापासून लांब, मंचरला वसतिगृहात ठेवून शिकवली. सुनंदा मास्तरीण झाली आणि कळंबच्या एका बागायती घरात तिचं लग्न ठरलं. माणसं चांगली होती, खोटं कशाला बोलू? आई तमाशात आहे हे माहीत असून त्यांनी मुलगी केली. लग्नाआधी सासऱ्यांनी, त्यांना घरात दादा म्हणत, फक्त एक शब्द मागितला. अनसाबाईने पोटासाठी फडात राहावं, त्याला ना नाही. पण हे तिच्यापाशी संपावं. शिष्या करायची नाही, घरात शिकवणं नाही. उद्या नातवंडं आजोळी येतील, त्यांच्या कानावर हे नको. अनसाबाईने सुनंदाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मावशीकडनं आलं, माझ्यासंगं जाईल."

त्या शब्दावर सुनंदा दर दिवाळीला दोन्ही पोरांना घेऊन चार दिवस माहेरी यायची. बाकीचं वर्ष अनसाबाई ते चार दिवस धरून जगायची. हे ती बोलायची नाही, पण दसऱ्यापासूनच चकलीची भाजणी करायला घ्यायची, त्यावरून कळायचं.

अशात जपानचं निघालं. तिकडे लोककलांचा काही महोत्सव होता आणि त्यांना जुनी बैठकीची लावणी पाहिजे होती. मुंबईच्या सरकारी साहेबांनी चौकशी केली तेव्हा त्यांना कळलं की ती गाणारी बाई नारायणगावात कांदा चिरत बसली आहे. आषाढात फड बंदच असतात. अनसाबाई, ढोलकीवाले रामभाऊ, पेटीवाले आणि लुगडं नेसवायला मी, असे चौघे ठरलो.

पासपोर्टाचा फॉर्म भरणारा कारकून म्हणाला, "धंदा काय लिहू? गृहिणी लिहितो."

"का? तुमच्या घरी भांडी घासाया येते का मी? ल्ह्या, लावनी गाती."

त्याने लिहिलं. आम्ही चाकणच्या पुढे गेलं की गाडी लागून ओकणारी माणसं, विमानात बसून क्योतो नावाच्या गावाला पोचलो. तिथे युकी नावाची एक मुलगी आमच्या सोबतीला दिली होती. ती पुण्यात राहून मराठी शिकलेली. तिने वाकून विचारलं, "आपणांस प्रवासात काही त्रास तर झाला नाही ना?" अनसाबाई माझ्या कानात म्हणाली, "आपल्या सुनंदापरीस शुद्ध बोलती की गं."

कार्यक्रम एका मोठ्या हॉलमध्ये झाला. अनसाबाईने तीन लावण्या गायल्या. एक शिट्टी नाही, एक "वा" नाही. सगळी माणसं मांडीवर हात ठेवून बसलेली. आत आल्यावर तिचा चेहरा उतरला होता. "द्रुपदे, पडलं का गं गानं?" असं तिने आयुष्यात पहिल्यांदा मला विचारलं. पण टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि त्या थांबेनात.

दुसऱ्या दिवशी युकी सकाळीच आली, धापा टाकत. म्हणाली, काल हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत एक वृद्ध बाई बसल्या होत्या. त्या गिऑन नावाच्या वस्तीत राहतात. ती गेशांची जुनी वस्ती. त्यांनी अनसाबाईंना घरी बोलावलं आहे. "त्या घरांत ओळखीशिवाय कोणालाही प्रवेश देत नाहीत," युकी म्हणाली. "मीसुद्धा कधी आत गेलेली नाही."

रामभाऊंनी विचारलं, "गेशा म्हंजी नाचनाऱ्या बाया ना? तसलीच वस्ती का?"

अनसाबाई गर्रकन वळली. "रामभाऊ, आपल्याबद्दलबी लोकं हेच इचारत्यात. तुमी तरी इचारू नगा."

युकीने सांगितलं की गेशा म्हणजे गाणं, वाजवणं, नाच आणि चारचौघांची बैठक सांभाळणं वर्षानुवर्षं शिकलेली बाई. शिकाऊ मुलीला माइको म्हणतात. थोरल्या गेशेला सगळ्या ताई म्हणतात. जिच्याकडे आम्ही चाललो होतो ती तिथली सगळ्यांत मोठी, म्हणून नुसती मोठी ताई. वय एकोणऐंशी.

रामभाऊ आणि पेटीवाले बाजार बघायला गेले. आम्ही तिघी दिवस कलता कलता त्या वस्तीत शिरलो. मी फार कशाला दबकत नाही. मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या समोर मी पान खाल्लं आहे. पण त्या गल्लीत मी पाऊल हळू टाकायला लागले. दगडाची फरशी, तिच्यावर नुकतं पाणी मारलेलं. दोन्ही बाजूंना काळ्या पडलेल्या लाकडाची बुटकी घरं, बारीक गजांच्या खिडक्या, प्रत्येक दारावर कागदाचा लाल कंदील. एवढ्या घरांतून माणसं राहतात आणि कुठे भांड्याचा आवाज नाही, आरडाओरडा नाही. आतून कुठूनतरी तारेचं वाद्य वाजत होतं, एकेक सूर सुटा सुटा.

दारांशेजारी लाकडाच्या लहान लहान पट्ट्या ठोकल्या होत्या, त्यांवर काळी अक्षरं. अनसाबाईने विचारलं, "हे काय ल्हिलंय?"

"त्या घरात राहणाऱ्या गेशांची आणि माइकोंची नावं," युकी म्हणाली.

"भाईर? रस्त्यावर?"

"हो. त्यांना अभिमान वाटतो."

अनसाबाई एका दारापुढे उभी राहिली आणि वाचता येत नसून एकेक पट्टी बघत राहिली. इतक्यात मागून एक मुलगी आली. चेहरा पांढराशुभ्र रंगवलेला, ओठ लाल, पाठीवर कमरेचा पट्टा पार पायापर्यंत सोडलेला, पायात वीतभर उंच लाकडी खडावा. ती गेली आणि किण किण आवाज झाला. मी घुंगरं ओवणारी, मला लगेच कळलं. खडावेच्या पोटात घुंगरू बसवलेलं होतं. पायाला एकच.

"आपन दीडशे बांधतो," मी म्हटलं.

"व्हय," अनसाबाई म्हणाली. "आन् हिचं एकच, तरी सगळी गल्ली वळून बघती."

आम्हाला जायचं होतं त्या घरी मोठी ताई दारातच गुडघ्यांवर बसली होती. लहानखुरी, पांढरे केस मागे बांधलेले, करड्या रंगाचा पोशाख, तोंडाला रंग नाही. तिने जमिनीला कपाळ लावून नमस्कार केला. अनसाबाईनेही लावलं. दोघींचे गुडघे एकदम वाजले तशी दोघी हसल्या. त्या हसण्याला युकीची गरज पडली नाही.

आत चटयांची खोली, सामान काहीच नाही. कोपऱ्यात एक माइको बसली होती, सोळा-सतरा वर्षांची, कामावर जायला तयार होऊन, तोंड रंगवलेली. थोड्या वेळात तिला एका बैठकीला पोचायचं होतं. आम्हाला हिरवा चहा दिला, कडू. अनसाबाईने बशी शोधली, नव्हती, मग वाटीतूनच शेवटचा घोट आवाज करून प्यायली. मोठ्या ताईने बघितलं आणि आपलाही घोट तसाच आवाज करून प्याली. तिला मोठी का म्हणतात, ते मला तिथेच कळलं.

मग एका बाईने तीन तारांचं वाद्य घेतलं आणि मोठी ताई उठली. हातात पंखा. युकी कुजबुजली, "कोणीतरी सोडून गेलं आहे. ती पावसात उभी राहून छत्री मिटते आहे."

बस, एवढंच. दोन पावलं पुढे, अर्धं पाऊल मागे. पंखा उघडला, मिटला, त्याची छत्री झाली. म्हातारीचं उजवं मनगट कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं होतं. छत्री मिटताना ते मनगट हवेत थांबलं, वाकड्यातच, आणि मग हळूच खाली आलं. त्या थांबण्यात ती गेलेल्या माणसाला एकदा परत हाक मारते का नाही, असं झालं.

नंतर मोठी ताई खाली बसली आणि कोपऱ्यातली पोर उठली. तोच नाच, तेच वाद्य. पंखा मिटायची वेळ आली. पोरीचं मनगट सरळ, कोवळं, कधी न मोडलेलं. ते त्याच जागी हवेत थांबलं आणि वाकलं. म्हातारीचं वाकतं तसंच, त्याच बाजूला. मोडलेल्या हाडाचं वळण त्या पोरीने चांगल्या हाडावर उतरवून घेतलं होतं.

मी वळून बघेपर्यंत अनसाबाई उठली, तरातरा खोली ओलांडून गेली आणि नाच संपवून बसलेल्या त्या पोरीच्या गालांवरून दोन्ही हात फिरवून तिने आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. दृष्ट काढली. आपल्याकडे लेकराचं, नवरीचं काही फार चांगलं दिसलं की बाई जे करते तेच.

खोलीत सगळ्या ताठ झाल्या. वाद्यवाली "आ" करून राहिली. पोरीच्या पांढऱ्या गालांवर आठ बोटांचे आठ पट्टे उमटले होते, आतली कातडी दिसत होती. अनसाबाईने आपले हात बघितले, पांढरे. आणि तिच्या ध्यानात आलं. खेळाच्या तोंडावर रंगवलेल्या बाईच्या तोंडाला हात लावायचा नसतो, हे तिने फडात शंभर पोरींना शिव्या घालून शिकवलं होतं.

"अगं आई गं," ती मटकन खाली बसली. "द्रुपदे, मी काय केलं हे? पोरीचा खेळ हाय आत्ता."

युकी रडवेली झाली होती. घराचा कारभार बघणारी बाई भराभर काही बोलत होती, ते चांगलं नसावं. मोठ्या ताईने एक हात वर केला तशी ती गप्प झाली. ताईने युकीला विचारलं, ही बोटं मोडली ते काय होतं?

"सांग तिला," अनसाबाई म्हणाली, "लई चांगलं बघितलं की बघनाऱ्याची नजर लागती. माझीबी लागली असंल. ती पोरीला लागू नये म्हनून माझ्या डोक्यावर घेतली."

युकीने ते सांगायला बराच वेळ घेतला. मोठी ताई ऐकत होती. मग तिने रंगाची वाटी आणि रुंद ब्रश मागवला, पोरीला पुढे बसवलं आणि स्वतः गाल सारखे करायला लागली. आरसा धरायला कोणी बाई पुढे आली, तिला ताईने बाजूला केलं आणि आरसा अनसाबाईच्या हातात दिला. अनसाबाईने तो छातीशी धरला, जराही न हलवता. दहा मिनिटांत पोर तयार झाली. जाताना ती अनसाबाईपुढे वाकली आणि पळतच गेली.

मग मोठ्या ताईने विचारलं, "काल तुम्ही गायलात ते तुमच्यानंतर कोणापाशी आहे?"

अनसाबाई हातातला आरसा पदराने पुसायला लागली. युकीला वाटलं कळलं नाही, तिने परत विचारलं.

"कुनापाशीच न्हाई," अनसाबाई म्हणाली.

"कोणी मागितलं नाही?"

खोटं बोलायला काय जात होतं? त्या घरी परत कोण जाणार होतं? पण ती खोटं बोलली नाही. "एक पोरगी मागती," ती म्हणाली. "मीच देत न्हाई. मी लेकीला शबुद दिलाय."

मोठ्या ताईने आरसा परत घेतला. मग ती जे बोलली ते युकीने असं सांगितलं, "त्या म्हणतात, मीसुद्धा हे ज्यांच्याकडून घेतलं त्यांना शब्द दिला होता. पुढे देईन असा. तुमच्या मावशींनी तुमच्याकडून शब्द घेतला नव्हता का?"

परत येताना गल्लीत कंदील लागले होते. ती त्या दारांकडे न बघता चालत होती. विमानात ती जेवली नाही. मुंबईला उतरताना एवढंच म्हणाली, "मावशीनं घेतला व्हता. मीच इसरले. सोयीचं व्हतं म्हनून."

आठ दिवसांनी तिने कुंदाला बोलावलं. मी तिथेच चोळीला हुक लावत बसले होते.

"हात धू," अनसाबाई म्हणाली.

"धुतलेत."

"कोपरापातुर."

दोन महिने कुंदाला गाण्याचा एक शब्द मिळाला नाही. नुसता हात उचलायचा, धरायचा, खाली आणायचा. कुंदा रडायची. "मावशी, ह्या हाताला मुंग्या आल्या."

"येऊंदे. त्याबी शिकतील."

आणि हे सगळं ओसरीवर, दार सताड उघडं टाकून. रस्त्याने जाणारा येणारा बघायचा. बातमी कळंबला जायला किती वेळ लागतो? जावई मोटारसायकलवर आले. शांत माणूस. चहा घेतला आणि म्हणाले, "आत्या, तुम्ही दादांना शब्द दिला होता."

"दिला व्हता. मोडला."

"निदान दार लावून शिकवा. गावात कोणाला कळणार नाही. मी दादांना समजावतो."

अनसाबाईने त्यांच्या बशीत आणखी चहा ओतला. "जावईबापू, तुमी लई चांगलं बोललात. पन दार लावून शिकवलं तर ही पोरगी पहिलं काय शिकंल? का ह्ये लपवायचं असतंय."

"मग दिवाळीचं अवघड आहे," जावई म्हणाले. रागाने नाही. ते गेले.

त्या वर्षी सुनंदा आली नाही. अनसाबाईने चकल्या दरवर्षीएवढ्याच केल्या आणि डबे भरून आमच्या घरोघर दिले. "खा. पोरं आली न्हाईत," एवढंच म्हणाली. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. मी एकदा म्हटलं, "जाऊन ये कळंबला, भेट तरी." तर म्हणाली, "शबुद मी मोडला. त्यांनी त्यांचा पाळला. त्यांच्या दारात जाऊन काय सांगू, मोडा म्हनून?"

पोरगी तयार व्हायला चार वर्षं लागली. डिंगोऱ्याच्या जत्रेत कुंदाने पहिल्यांदा बैठकीची लावणी धरली. दोन कडव्यांनंतर शिट्ट्या सुरू झाल्या, सिनेमाचं गाणं लावा म्हणून. कुंदा डोळे पुसत आत आली.

"दोन कडवी ऐकली न्हवं लोकांनी?" अनसाबाई म्हणाली. "पुढल्या साली तीन ऐकतील. रडून काजळ घालवू नगंस, अजून वग हाय." आणि पुढच्या साली तीन ऐकली, हेही लिहून ठेवते. आता कुंदाचा कार्यक्रम लोक तिकीट काढून ऐकतात. पण बेचाळीसमधल्या सव्वीसच तिच्याकडे पुऱ्या आल्या, एक अर्धी. पंधरा गेल्या. मधली वर्षं वाया घालवली म्हणून. अनसाबाईला मी खूप मानते, म्हणून तिची चूकही लिहिते.

तिच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा डावी बाजू गेली आणि वाचा गेली. उजवा हात तेवढा राहिला. सुनंदाला कोणी निरोप दिला ते मला माहीत नाही. ती शाळेत रजा टाकून आली, एकटी, आणि राहिली. आईचं सगळं केलं. त्यानंतर तीन आठवड्यांनी अनसाबाई गेली. सगळे जातात तशीच गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मी तिला शेवटची बघितली ती त्याच्या दोन दिवस आधी, सकाळी. भाकरी आणि पातळ भाजी घेऊन गेले होते. अनसाबाईला उशांना टेकवून बसवलं होतं, तोंड एका बाजूला ओढलेलं. समोर कुंदा मांडी घालून बसली होती आणि सत्ताविसावी लावणी गात होती. ती तिला कच्ची येत होती. ऐकून ऐकून पाठ केलेली, पण हात ठाऊक नव्हता. गाण्यातली बाई ओंजळीत पाणी घेते आणि नवऱ्याला द्यायच्या आधीच ते गळून जातं, असं काहीतरी होतं. भिंतीपाशी सुनंदा सुपात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण उठून आतही गेली नाही.

कुंदाने ओंजळ केली. अनसाबाईने उजवा हात जरासा हलवला, नाही. कुंदाने परत केली. नाही. मग अनसाबाईने स्वतःचा हात उचलला. एकाच हाताची ओंजळ. बोटं आधी घट्ट, मग करंगळी सैल, मग तिच्या शेजारचं बोट. मला पाणी गळताना दिसलं. वाचा गेलेली, अर्धं अंग गेलेलं, आणि मी शपथेवर सांगते, पाणी दिसलं. सुनंदाचे हात सुपात थांबले होते.

मी भाकरी घेऊन दारातच उभी राहिले होते. अनसाबाईची नजर माझ्याकडे वळली. मला वाटलं, बस म्हणते आहे. तिने त्याच हाताने मला खूण केली, बाजूला हो. माझ्या अंगाने उजेड अडत होता आणि तिला पोरीचा हात नीट दिसत नव्हता.

मी बाजूला झाले.